बॅटरीकाकांची झडप

"खाली कोणीतरी बाळंत होतंय," काकू म्हणाल्या.

बॅटरीकाका वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं. "कोण?"

"मांजर वाटतंय. कुत्रीपण आहे, पण तिचं कालच झालं."

काकूंच्या कानांवर शंका घेण्यात अर्थ नव्हता. त्यांनी उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली. नुसत्या खाकरण्यावरून बोलणारा माणूस उभा आहे की बसलाय, आणि खोटं बोलायच्या बेतात आहे का, हे त्या सांगत. इतकी वर्षं परक्या माणसांचे आवाज दोन्ही कानांत कोंबून घेतल्यावर निवृत्त होताना त्यांना एकच गोष्ट हवी होती. शांतता.

काकांना हवा होता उजेड. ते सिनेमाच्या थिएटरात डोअरकीपर होते. तीस वर्षं हातात बॅटरी घेऊन लोकांना अंधारात खुर्च्या दाखवल्या, बडबड करणाऱ्यांच्या तोंडावर झोत मारला आणि घरी जाईपर्यंत दिवस मावळलेला. म्हणून त्यांनी गावाच्या टोकाला हे घर शोधलं. चारी बाजूंनी खिडक्या. सकाळी पुढून ऊन, संध्याकाळी मागून. काकू का-कू करत होत्या, तेव्हा काका छातीठोकपणे म्हणाले, "इथे पानाचा आवाज झाला तर माझं नाव बदलून ठेव." नाव पुढे खरंच बदललं, पण ते गावाने बदललं आणि वेगळ्या कारणाने. पहिल्याच आठवड्यात वीज गेली, तेव्हा यांनी बॅटरी काढून अख्ख्या गल्लीला घरोघर पोचवलं आणि वाटेत दोघांना "बोलू नका" म्हणून दमही दिला. तेव्हापासून ते बॅटरीकाका झाले. काकू आपोआप बॅटरीकाकू झाल्या, आणि ते त्यांना मुळीच आवडलेलं नव्हतं.

घर जमिनीपासून कमरेइतकं उंच, दगडी खांबांवर उभं होतं. जमीन फळ्यांची. खालून वारा खेळता राहतो, ओल येत नाही, असं घर विकणाऱ्याने सांगितलं होतं. वाऱ्याबरोबर खाली आणखी कोण कोण खेळतं, ते त्याने सांगितलं नव्हतं. त्यातून मोरीचं पाणी खाली जाई आणि भाजीची सालं, उरलंसुरलं सगळं पाण्याबरोबर थेट खालच्या मंडळींच्या पुढ्यात. सावली, गारवा आणि वरून जेवण. असं ठिकाण मिळालं तर मीसुद्धा उठणार नाही, जनावरांना काय दोष द्यायचा?

काकांनी उपाय केले नाहीत असं नाही. मिरचीची धुरी दिली. ती फळ्यांच्या फटींतून वर आली, नवरा-बायको शिंकत अंगणात आणि खालचे जागच्या जागी. मग डबे बडवले. त्यावर काकू म्हणाल्या, "ते निदान आळीपाळीने ओरडतात. तुम्ही एकसारखे वाजवताय."

महिनाभर काकूंच्या डोळ्याला डोळा नव्हता. शेवटी एका सकाळी त्या शांतपणे म्हणाल्या, आणि त्या शांतपणे बोलल्या की काकांना धडकी भरे, "रविवारी भाऊ टेम्पो घेऊन येतोय. तोवर खाली गप्प झालं तर मी इथे. नाहीतर मी त्याच्याकडे."

"आणि मी?"

"तुम्ही बसा उजेडात."

बायकोवाचून उजेडाचं करायचं काय, हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पडला आणि फार वाईट पडला. त्याच दिवशी त्यांनी विटा आणि पत्रे आणले.

बेत नामी होता. घराखालचा मोकळा भाग चहूबाजूंनी बंद करायचा आणि पुढे फक्त एक झडप ठेवायची. झडप उघडणार फक्त बाहेरच्या बाजूला. आतलं जनावर ढकलून बाहेर पडेल, मागे स्प्रिंगने झडप मिटेल आणि मग बाहेरून डोकं आपटलं तरी आत येता येणार नाही. चार दिवसांत घराखाली शुकशुकाट.

"नीट बसवाल ना?" काकूंनी विचारलं.

"दार म्हणजे काय ते मला सांगू नकोस. जन्म दारात गेलाय माझा."

आता घोळ झाला तो इथेच, आणि हा घोळ जगात दुसरं कोणी करूच शकलं नसतं. थिएटरात दार उघडताना काका कायम बाहेर उभे असत. दार आपल्याकडे आलं की लोक बाहेर पडतात, आपल्यापासून लांब गेलं की लोक आत जातात, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. पण झडप बसवताना स्क्रू आतून पिळायचे होते, म्हणून ते घराखाली आडवे होऊन काम करत होते. सगळं झाल्यावर त्यांनी झडप ओढून पाहिली. ती बरोबर त्यांच्याकडे आली. "आपल्याकडे आली, म्हणजे बाहेर," असं म्हणून त्यांनी कपाळाचा घाम पुसला, कडेने घट्ट रबर लावलं, मागच्या उरलेल्या भगदाडातून सरपटत बाहेर आले आणि तेही विटांनी बुजवून टाकलं. थोडक्यात, काकांनी असं दार केलं होतं की त्यातून गावातलं कोणीही आत जाईल आणि बाहेर येण्याची सोय कोणालाच नाही. फटीत नखसुद्धा जाणार नाही, इतकं काम चोख.

त्याच संध्याकाळी दोघं जेवायला बसले आणि खालून आवाज आला. खट.

"गेला एक," काका म्हणाले.

खट.

"दुसरा गेला."

काकूंनी कान टवकारले. "अहो, वाढलेत."

"जाताना गडबड होतेच. खेळ सुटताना कधी उभी राहिली आहेस का तू थिएटरात?"

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बराच खटखटाट झाला. काका बोटांवर हिशोब ठेवत होते आणि खूश होत होते. काकू मात्र जमिनीला कान लावून बसल्या होत्या.

"खाली बकरी आहे."

"बकरी कशी असेल? आपल्या खाली बकरी कधीच नव्हती."

"मी तेच म्हणतेय."

"आणि काय काय आहे?"

"बदकं. आणि कोणीतरी जाडजूड, नाकातून बोलतंय. डुक्कर असावं."

काका हसले. त्यांनी हसायला नको होतं, पण माणूस आपल्या हाताने केलेल्या कामावर खूश असला की त्याला बायकोचं ऐकू येत नाही.

त्याच दिवशी, गुरुवारी, दुपारी शेजारची गवळण धावत आली. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून ती सगळ्या जगाला बहिरं समजून बोले. "काका, माझी तांबडी बकरी बघितलीत का? काल संध्याकाळपासून नाही. पलीकडची बदकं गेली, वरच्या आळीचं डुक्कर गेलं. लांडगा आलाय म्हणतात गावात."

तिच्यामागून वनरक्षक आला. अंगावर गणवेश, हातात काठी, चेहरा गंभीर. अंगणातल्या मातीवर वाकून त्याने बराच वेळ ठसे पाहिले. "विलक्षण आहे," तो म्हणाला. "बकरी इकडे आली. बदकं इकडे आली. डुक्कर इकडे आलं. परत कोणीच गेलं नाही. म्हणजे लांडगा याच वाटेवर दबा धरून बसत असणार."

"बकरी आमच्या घराखाली आहे," काकू म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. दुपारची वेळ, बाहेर रणरणतं ऊन. खाली गारव्यात सगळे गाढ झोपलेले. चिडीचूप.

"तिचं मनावर घेऊ नका," काका मोठ्या समजूतदारपणे म्हणाले. "महिनाभर झोप नाही तिला. भास होतात."

झालं. काकू वळल्या. आत गेल्या, पेटी ओढली आणि साड्यांच्या घड्या घालायला लागल्या. काकांना आपण काय बोलून बसलो ते बऱ्याच वेळाने कळलं, पण तोवर पेटी अर्धी भरली होती. त्यांनी दारात उभं राहून दोनदा घसा साफ केला. काकूंनी वर न बघता सांगितलं, "तुम्हाला माफी मागायची आहे आणि जमत नाहीये. खोकल्यावरून कळतंय."

रविवारी जेवणं झाल्यावर टेम्पो आला. काकूंचा भाऊ खाली उतरला. चांगला उंचापुरा गडी, पण चेहरा परीक्षेचा निकाल घ्यायला आल्यासारखा. काकू चपला घालून, पेटी पायाशी ठेवून वेताच्या खुर्चीत तयार बसलेल्या.

"एक मिनिट थांबा," काका म्हणाले. "खाली चिटपाखरू नाही, हे मी आत्ता दाखवतो. मग खुशाल जा."

"तुम्हीच बघून या भाऊजी," मेहुणा म्हणाला. "माझी पँट नवी आहे."

काकांनी खुंटीवरची जुनी बॅटरी घेतली आणि झडपेसमोर गुडघे टेकले. बसवल्यापासून त्यांनी तिला हात लावलेला नव्हता. कशाला लावतील? बाहेरून ती उघडणारच नव्हती. पत्र्याच्या कडेला पकड घ्यावी म्हणून त्यांनी भार टाकला आणि झडप त्यांच्यापासून लांब गेली.

लांब गेली. म्हणजे आत.

काकांच्या ते लक्षात आलं, पण तोवर पुढचे काका आत गेले होते आणि मागच्यांना त्यांच्यामागून जाणं भाग होतं. खट.

वर काकूंनी मान वाकडी केली. "आणखी एक आला," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मोठा आहे. दम लागतोय त्याला."

खाली काकांनी बॅटरी लावली. अंधारात पुढून मागपर्यंत डोळेच डोळे. पहिल्या रांगेत बदकं, मध्ये कुत्री आणि तिची पिल्लं, त्यामागे मांजरांचं कुटुंब, कडेच्या बाजूला तांबडी बकरी आणि शेवटी भिंतीला टेकून डुक्कर. कधीकाळी सुट्टीच्या दिवशी भरायचं तसं थिएटर भरलेलं. आणि मग परक्या माणसाला बघून सगळे एकदम ओरडायला लागले. भुंकणं, बें बें, क्वॅक क्वॅक, असा काही गोंधळ की वरच्या कपबश्या थरथरल्या.

काकांनी विचार केला नाही. तीस वर्षांच्या सवयीने विचार केला. झोत सरळ डुकराच्या तोंडावर गेला आणि काका दबक्या, जरबेच्या आवाजात म्हणाले, "शांत बसा. मागच्यांना त्रास होतोय."

डुक्कर गप्प. झोत बकरीवर. बकरी गप्प. झोत बदकांवरून सरकत गेला आणि एकेक चोच मिटली. सगळे डोळे झोताकडे लागले. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

आणि मग वरून एक आवाज आला. खोल, लयीत, मध्येच बारीक शिट्टी वाजवणारा. काका ऐकत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. महिन्याभराने काकू घोरत होत्या.

झडप त्यांनी नखांनी, बोटांनी, बॅटरीच्या कडेने ओढून पाहिली. ती कशाला हलते? स्वतः केलेल्या चोख कामाचा इतका राग त्यांना कधी आला नव्हता. हाक मारावी तर काकू जाग्या होणार, आणि जाग्या झाल्या की थेट टेम्पोत. काका मुकाट्याने खाली बसले. मांजर मांडीवर आलं.

बाहेर मेहुणा वाट पाहून कंटाळला. "भाऊजी?" म्हणून त्याने झडपेवर हात टेकला आणि नव्या पँटसकट आत आला. खट. बॅटरीचा झोत त्याच्या तोंडावर पडला.

"हळू बोल," काका कुजबुजले.

"दार उघडा की."

"उघडत नाही. उलटं बसलंय."

"मग ताईला हाक मारा."

"झोपलीय ती."

मेहुण्याने वर कान दिला. घोरणं ऐकलं आणि त्याचा जीव भांड्यात पडलेला अंधारातही दिसला. "झोपू दे," तो म्हणाला. "भाऊजी, खरं सांगू? आमच्या दोनच खोल्या. ताई येणार म्हटल्यापासून आमची ही मनातल्या मनातसुद्धा बोलत नाही. म्हणते, ताईंना ऐकू जाईल. तुम्ही कसंही करून त्यांना इथेच ठेवा. मी इथे जन्मभर बसायला तयार आहे."

"बस मग. त्या खांबाशी जागा आहे. कुत्रीच्या शेपटीवर पाय देऊ नकोस."

पुढे जे झालं ते रांगेने झालं. टेम्पो उभा आणि माणूस नाही, हे बघून गवळण चौकशीला आली, तिला झडपेखालची बकरीची लेंडी दिसली आणि ती आत. खट. तिने तोंड उघडलं. ती बोलली असती तर पलीकडच्या गावालाही जाग आली असती. काकांचा झोत आला, ओठांवर बोट आलं आणि पुढच्याच क्षणी तिला तांबडी बकरी दिसली. गवळणीने स्वतःच्या तोंडावर हात दाबला, बकरीच्या गळ्यात पडली आणि आवाज न करता रडली. तिला शोधत तिचा नवरा. खट. त्याला शोधत बदकांची मालकीण. खट. मग माणसांचे ठसेही इकडे येतात आणि परत जात नाहीत, हे पाहून काठी सरसावून, देवाचं नाव घेत वनरक्षक.

"लांडगा?" आत पडल्या पडल्या त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"लांडगा नाही. खाली बसा, मागच्यांना दिसत नाही," काका म्हणाले.

काय दिसत नाही, हे वनरक्षकाने विचारलं नाही. तो बसला. बॅटरीच्या झोतात एक प्रकारची सरकारी ताकद असते. काका गुडघ्यांवर रांगत येईल त्याला जागा दाखवत होते, उंच माणसांना मागे सारत होते, पिल्लांना पुढे घेत होते. सगळी वरची आळी आली, खालची आळी आली. हरवलेल्यांना शोधायला आलेले स्वतः हरवत गेले आणि त्यांना शोधायला आणखी कोणीतरी निघत गेलं. अख्खं गाव मूग गिळून बसलं होतं, कारण एव्हाना कानोकानी प्रत्येकाला कळलं होतं की वर बॅटरीकाकू झोपल्या आहेत आणि त्या उठल्या तर काका एकटे पडतील.

काकू उठल्या तेव्हा ऊन कलंडलं होतं. त्यांनी डोळे उघडले आणि हलल्याच नाहीत, तशाच बसून राहिल्या. कुठे भुंकणं नाही, भांडण नाही, कुणाचा रेडिओ नाही. त्या ओसरीवर आल्या. रस्ता रिकामा. टेम्पो उभा, भाऊ नाही. झाडाचं एक पान गळून अंगणात पडलं आणि त्याचा आवाज झाला, तो काकूंना स्पष्ट ऐकू आला. असा आवाज त्यांनी अनेक वर्षांत ऐकला नव्हता.

पण कान ते कान. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की ही शांतता रिकामी नाही. तिच्यात खूप जण श्वास घेताहेत. त्या आत आल्या. खुर्चीपाशी फळीत लाकडाच्या गाठीचं एक भोक होतं. काकू खाली बसल्या, पदर सावरला आणि भोकाशी तोंड नेलं.

"हॅलो. कोण कोण आहे लाइनवर?"

खाली सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. बकरीनेसुद्धा.

"मी आहे," शेवटी खालून आवाज आला. "तुझी झोप झाली?"

"झाली. तुम्ही खाली काय करताय?"

"झडप उलटी बसली. सगळे आत येत होते, मी समजत होतो जाताहेत." मग काका म्हणाले, "बकरी होती. डुक्करपण आहे. तुझं बरोबर होतं. तुला भास होत नाहीत."

"मोठ्याने बोला. लाइन खराब आहे."

काकांनी बॅटरी खाली ठेवली, तोंडाशी दोन्ही हात नेले आणि अख्ख्या गावासमोर ओरडून सांगितलं, "तुला भास होत नाहीत. मला दार बसवता येत नाही. माझं चुकलं."

गवळणीलासुद्धा ते ऐकू आलं. तिने मान डोलावली.

वर वेताची खुर्ची करकरली. मग चपला काढल्याचा आवाज झाला, आधी एक, मग दुसरी. खाली मेहुण्याने डोळे मिटून घेतले.

"ताई," तो न राहवून म्हणाला, "टेम्पोचं काय करू?"

"तूपण आहेस का? डुक्कर घाल त्यात आणि वरच्या आळीला पोचव. इतकं शांत गाव सोडून मी कुठे येऊ?"

खाली कोणी श्वास सोडला, कोणी रडलं, वनरक्षक कुत्रीला थोपटायला लागला.

"मग दार उघडतेस ना?" काकांनी विचारलं. "बाहेरून नुसतं ढकलायचं आणि धरून ठेवायचं."

"उघडते. पण एवढ्यात नको. चहा पिऊन होऊ दे माझा."

काकूंनी चहा टाकला, कप घेतला आणि खुर्ची ओढत ओसरीवर आणली. मागून फळ्यांखालून हळूच आवाज आला.

"अगं, बाहेर उजेड आहे का अजून?"

काकूंनी समोर पाहिलं. मागच्या खिडकीतून आलेलं ऊन घर ओलांडून त्यांच्या पायांपर्यंत पोचलं होतं.

"आहे," त्या म्हणाल्या. "छान आहे. तुम्ही सांगितला होतात तस्साच."

आणि त्यांनी कप तोंडाला लावला.